सुभानरावांची विजू शाळेत जाते

नाही, पण तुम्हीच सांगा, मुलगी शाळेत घातली सुभानरावांनी आणि झोपाळा मोडला माझा, हा कुठला न्याय? आणि झोपाळा असातसा नव्हे हो, सासऱ्यांनी दिलेला, सागाचा, पितळी कड्यांचा! सकाळी सुभानराव आले, बसले, उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले, दारापर्यंत जाऊन आले, धाडकन बसले... कडी निखळली आणि माझ्यासकट फळी जमिनीवर! मी कंबर धरून विव्हळतोय आणि हे मला विचारतात काय, तर, "गोविंदराव, आत्ता ती काय करत असेल हो?"

अहो, काय करणार? सात वर्षांची पोर, शाळेत गेलेली, पाटीवर 'ग' गिरवत असेल! दुसरं काय, किल्ला लढवणार आहे? पण नाही. सुभानरावांना काही बसवेना.

आता हे सुभानराव कोण, ते सांगितल्याशिवाय तुम्हाला माझ्या कंबरेचं दुःख कळायचं नाही. आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. महाराज सरकारांच्या रिसाल्यात उभी हयात घोड्यावर काढलेला माणूस. मिशा अशा, की एकेका टोकाला लिंबू ठेवा. आणि आवाज? फतेगंजाकडच्या मैदानावर यांनी "हाल्ट!" म्हटलं की रिसाला तर थांबायचाच, पण पलीकडच्या रस्त्यानं चाललेले टांगेसुद्धा थांबायचे म्हणतात. मी शेजारी राहतो, मला ते खोटं वाटत नाही.

तर अशा या माणसाला, कौशल्यावहिनींचे सगळे उपास-तापास करून झाल्यावर, उतारवयात झालेली ही एकुलती एक लेक. विजयमाला. घरात विजू. आणि तुम्हाला सांगतो, ज्या माणसानं मस्तवाल घोडे वठणीवर आणले, तो माणूस अंगणात चार पायांवर घोडा झालेला मी या डोळ्यांनी पाहिलाय! पाठीवर विजू, दातांत उपरण्याचा लगाम, आणि मिशा धुळीत!

आणि मग कायदा आला. मुली सात वर्षांच्या झाल्या की शाळेत घालायच्या, म्हणजे घालायच्याच! सबब चालायची नाही. आमच्या पेठेतली मुलींची शाळा गल्लीच्या टोकाला, इथून खोकलं तर तिथं ऐकू जावं एवढ्या अंतरावर. मुलींना घरोघरून गोळा करून न्यायला रेवाबेन यायच्या, हातात छत्री, तोंडात पान, "चालो दीकरीओ, चालो चालो!" पहिल्या दिवशी सगळी गल्ली ओट्यावर. का? तर विजू रडणार, आणि सुभानराव तिला उचलून परत आणणार, ते बघायला. आणि काय झालं? पोरीनं नवं परकर-पोलकं सावरलं, पाटी काखेत मारली, रेवाबेनचं बोट धरलं आणि निघाली टुणटुणत! मागं वळून पाहिलं? नाव नको. वहिनींनी पदरानं डोळे टिपले आणि चुलीवर भात होता म्हणून आत गेल्या. सुभानराव मात्र तसेच उभे. एक हात वर, निरोप द्यायला उचललेला... तो घ्यायला कुणी वळलंच नाही!

तेव्हापासून जे सुरू झालं ते झालं. सुभानरावांना काही बसवेना.

संध्याकाळी विजू घरी आली की बातम्या सुरू. नुसता धबधबा! "आबा, आज प्रेमलाचा दात पडला, बाईंनी कागदात बांधून दिला... आबा, उद्या आम्ही वाफ्यात मेथी पेरणार... आबा, मग आम्ही सगळ्या बागेतल्या म्युझियमला जाणार, तिथं वाघ आहे... आणि मग बक्षीस-समारंभ आहे, त्यात गरबा आहे, गाणं आहे, कवायत आहे, मोठे मोठे अंमलदार येणार आहेत!"

सुभानरावांनी यातलं एकच धरलं. "वाघ? पोरींना वाघाकडे नेणार?"

"आबा, भुसा भरलेला आहे तो."

"भुसा भरलेला असला तरी वाघच की!"

दुसऱ्या दिवशी हा माणूस फिरायला निघाला. कुठं? तर शाळेच्या मागच्या बोळात! तिथं पहिल्या इयत्तेची खिडकी. गज धरून, टाचा उंचावून, हे आत बघतायत... आणि मागून रेवाबेन! "ए मूछवाळा काका! आ छोकरीओनी निशाळ छे, आघा खसो!" म्हणजे, ही मुलींची शाळा आहे, लांब व्हा. सुभानरावांना! ज्यांच्यासमोर गोरे साहेब नीट उभे राहायचे त्यांना! छत्रीनं! पण हे रोज जायचे. रोज छत्री.

शेवटी हेडमिस्ट्रेस निरुपमाबाईंनी आत बोलावलं. या निरुपमाबाई म्हणजे चणीनं एवढ्याशा, चष्मा लावणाऱ्या, आणि आवाज असा हळू की ऐकणाऱ्याला आपोआप वाकावं लागतं. "आपलं काय काम होतं?"

"काही नाही... हवा खात होतो."

"गज धरून?"

सुभानराव घामाघूम. तेव्हा बाई म्हणाल्या, "आपण खिडकीत दिसलात की सगळ्या मुली हसतात. आणि विजयमाला..."

"रडते?" सुभानरावांचा चेहरा असा खुलला म्हणता! "रडते ना? मला वाटलंच!"

"रडत नाही. मान खाली घालते. तिला लाज वाटते."

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी सुभानराव घरी आले ते माझ्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत. भिंतीपलीकडून नुसत्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग एकदम गर्जना. भिंत कसली हो, मधे पडदा असावा तसं ऐकू येतं! "बस्स! काढून घेतो शाळेतून! वाघोडियाला मावशीकडे गेली म्हणून सांगू!"

आणि मग वहिनींचा आवाज. वहिनी कधी मोठ्यानं बोलत नाहीत, त्या दिवशीही बोलल्या नाहीत, मला भिंतीला कान लावावा लागला. "तुम्ही छावणीतून मला पत्रं धाडायचात, आठवतं? मी ती दिनकरराव वैद्यांकडून वाचून घ्यायची. त्यांच्या ओट्यावर चार माणसं बसलेली. तुम्ही मला काय लिहिलंत, ते आधी त्या चौघांना कळायचं आणि मग मला. ते हसायचे. मी मान खाली घालून ऐकायची. माझ्या पोरीची पत्रं माझी पोर वाचेल. तुम्हाला करमत नसेल, तर गाठिया खा, पत्ते खेळा, गोविंदरावांकडे जाऊन बसा!"

बघा! पुन्हा माझ्याकडेच! आणि सुभानरावांना तर काही बसवेना!

पण मुलगी शाळेत राहिली. आणि पुढच्याच आठवड्यात निरुपमाबाई स्वतः यांच्या दारात. कवायत शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाला माहेरी गेलेल्या, समारंभ तोंडावर आलेला, आणि छापील कार्यक्रमात 'मुलींची कवायत' असं ठळक छापून गेलेलं. "आपण रिसाल्यात होतात. शिकवाल का?"

सुभानराव म्हणाले, "मी? पोरींना?" पण मिशा बघा, मिशा! टोकं आपोआप वर!

"एकच अट. शाळेत आपण विजयमालेचे आबा नाही. कवायतीचे मास्तर."

झालं. दुसऱ्या दिवशी फेटा, जुना कोट, चकाकते बूट. पटांगणात मुली ओळीनं उभ्या, इवल्या इवल्या, परकर वाऱ्यानं फुगलेले, कुणी वेणी चघळतेय, कुणी नाक ओढतेय. सुभानरावांनी छाती भरून घेतली आणि...

"हुश्शाऽऽर!"

अहो, मी घरात दाढी करत होतो, मला कापलं! कौलांवरची सगळी कबुतरं उडाली. रेवाबेनच्या हातून पाण्याचा घडा गेला, "ओ बाप रे!" आणि मुली? निम्म्या जागच्या जागी भोकाड पसरून खाली बसल्या, आणि ती दात पडलेली प्रेमला पाटी तिथंच टाकून जी धावत सुटली ती थेट आईच्या कुशीत! उभी कोण राहिली? एकटी विजू. ताठ. नाकासमोर बघत. तिला काय, ती या आवाजावर जेवायला बसणारी, या आवाजावर झोपणारी!

आणि पेठेत बातमी काय पसरली माहीत आहे? मुलींना पलटणीत भरती करणार! हो! घोड्यावर बसवून लढाईला धाडणार, म्हणून कवायत सुरू केलीय! सकाळी रेवाबेन गल्लीभर "चालो चालो" करत फिरल्या आणि पाच-सहा मुली घेऊन परत आल्या. बाकीच्यांना ताप, बाकीच्यांना खोकला, बाकीच्यांच्या घरी पाहुणे.

निरुपमाबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं सुभानराव मला म्हणाले. नुसता चष्मा पुसत बसल्या. "समारंभ रिकामा गेला तर माझी बदली होईल, होऊ दे. पण एकदा घरी बसवलेली मुलगी पुन्हा येत नाही हो, मास्तर. मी पाहिलंय."

आता सांगा, हे ऐकल्यावर कुणाला बसवेल? सुभानरावांना तर काही बसवेना! निघाले रेवाबेनबरोबर दारोदार. पुढं छत्री, मागं फेटा. पहिलं घर प्रेमलाचं. तिचे वडील तुकोजीराव, हेही जुने लष्करातलेच, मिशा जरा कमी, बाकी सगळं तेच. दारातच हात आडवा. "प्रेमला घरी नाही. वाघोडियाला मामाकडे गेलीय."

आतून बारीक आवाज, "आबा, मी इथंच आहे!"

तुकोजीरावांनी घसा खाकरला. "म्हणजे... जाणार आहे."

वाघोडिया! सुभानरावांनी तो चेहरा नीट बघितला. ही सबब, हा आडवा हात, डोळ्यांखालची ही जागरणं... सगळं ओळखीचं! ते ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "तुकोजीराव, करमत नाही ना?"

तुकोजीराव इकडे बघतात, तिकडे बघतात, आणि मग एकदम पायरीवर बसले. "कवायतीचं नुसतं निमित्त हो. पोर गेली की घर खायला उठतं. दुपारी तर भिंतीशी बोलतो मी!"

"मी खिडकीचे गज धरून उभा राहायचो," सुभानराव म्हणाले. "छत्री खाल्ली."

आणि मग त्यांनी वहिनींची गोष्ट सांगितली. वैद्यांचा ओटा, चार माणसं, खाली घातलेली मान... मला नव्हती सांगितली कधी, मी भिंतीतून ऐकली. पण तुकोजीरावांना सांगितली. ती ऐकताना आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं म्हणे, आणि प्रेमलाची आईच पाटी-दप्तर घेऊन बाहेर आली. "जा गं," एवढंच म्हणाली. मग काय, पुढच्या घरी सुभानराव आणि तुकोजीराव दोघं, त्याच्या पुढच्या घरी तिघं... संध्याकाळपर्यंत बापांची ही वरात गल्लीतून फिरत होती आणि अख्खा वर्ग परत!

राहिला प्रश्न आवाजाचा. तो लहान करायचा कसा? वहिनींनी स्वयंपाकघरात शिकवणी घेतली. "हळू म्हणा, आमटी वाढा." "आमटी वाढा!" "हळू!" "आमटी वाढा..." "आणखी हळू!" माझ्याकडे येऊन सराव केला, कानाशी इतक्या नाजूकपणे "हुशार" म्हणाले की मला वाटलं सुपारी मागतायत. मी दिलीसुद्धा!

आणि समारंभाचा दिवस उजाडला. मांडव, केळीचे खांब, अंमलदार खुर्च्यांवर, आयाबाया एका बाजूला, आणि बाप सगळे मागं उभे, कारण बसायला जागा होती तरी बसवत कुणालाच नव्हतं. गाणं झालं, गरबा झाला, टाळ्या झाल्या. मग कवायत. मुली दोन ओळींत उभ्या, सारख्या वेण्या, सारख्या फिती. सुभानराव पुढं आले. समोर पहिल्या ओळीत विजू. मान वर... लाज नाही, काही नाही, सरळ त्यांच्याकडे बघत.

आणि तुम्हाला सांगतो, आवाज गेला! मोठा नाही, लहान नाही, कुठलाच नाही! मिशा हलतायत, डोळे भरलेले, पण शब्द? छे! मुली वाट बघतायत. मांडवात कुजबुज सुरू झाली. एक अंमलदार घड्याळ काढून बघायला लागले. निरुपमाबाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मी केळीचा खांब घट्ट धरला हो, आणि मी तर नुसता शेजारी!

तेवढ्यात विजूनं ओळीतून एक पाऊल पुढं टाकलं, टाच आपटली, आणि...

"हुश्शाऽऽर!"

अहो, तोच! तोच आवाज! बापाचा गळा, नुसता आकारानं लहान! मुली काडकन ताठ. खुर्चीतले अंमलदार ताठ. मागं तुकोजीरावांनी तर चक्क सलाम ठोकला! आणि मग ती एकेक हुकूम सोडत गेली, "एक! दोन! हात वर! डावीकडं फीर!" आणि सगळ्या मुली एका दोरीनं बांधल्यासारख्या फिरल्या, वाकल्या, उठल्या, आणि मांडव टाळ्यांनी नुसता दणाणला. निरुपमाबाई पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या.

घरी येताना सुभानरावांचा आवाज परत आला. आला तो बोलायलाच लागला! "विजू, पुढच्या वर्षी आपण लेझीम बसवू, मी ढोल आणतो, मी रोज सकाळी येतो, मी..."

विजू थांबली. "आबा, पुढच्या वर्षी तुम्ही नका येऊ."

"आं?"

"पहिलीतल्या नव्या मुलींची कवायत मी घेणार आहे. बाईंनी सांगितलंय. तुम्ही घरी थांबा. मी रोज येऊन सांगीन ना सगळं."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मी दुसरीकडे बघायला लागलो. आणि सुभानराव? भर रस्त्यात थांबले, टाचा जुळवल्या, छाती पुढं, हात बाजूला, आणि म्हणाले, "जी!"

काय करता! वरिष्ठांपुढं तोंड उघडायचं नाही, एवढं एकच तर बिचारा रिसाल्यात नीट शिकला होता.