विषय : इतर

(सिंगापूरमधलं बिशान. दर सोमवारी संध्याकाळी इमारतीखालच्या बालवाडीत रहिवाशांच्या तक्रारी लिहून घेतात. टेबलाच्या अलीकडे सुनेत्रा, पलीकडे तिचा नवरा निशिकांत, रहिवासी कमिटीचा अध्यक्ष.)

निशिकांत : तरीही नंबर दाखव. नंबराशिवाय फॉर्म उघडत नाही.

सुनेत्रा : सदतीस. निशी, बायको आहे मी तुझी.

निशिकांत : म्हणूनच. अध्यक्षाने बायकोला मधे घुसवलं, असं व्हायला नको.

सुनेत्रा : दीड तास बसलेय या चिमुकल्या खुर्चीवर. गुडघे कानाला लागलेत.

निशिकांत : तक्रार खुर्चीबद्दल आहे का?

सुनेत्रा : नाही.

निशिकांत : विषय सांगा. घर, नोकरी, शेजारी, इतर.

सुनेत्रा : 'सांगा'?

निशिकांत : इथे सगळ्यांना अहो-जाहो करतो.

सुनेत्रा : शेजारी टाक. पलंगावर डावीकडे असतो.

निशिकांत : आवाज करतो?

सुनेत्रा : अजिबात नाही.

निशिकांत : मग 'इतर'मध्ये जाईल. कधीपासून?

सुनेत्रा : आपण आलो तेव्हा तुला या इमारतीत कुत्रं ओळखत नव्हतं. छान दिवस होते. मग लिफ्ट बंद पडली, तू एक पत्र लिहिलंस. लिफ्ट सुरू झाली, तू कमिटीत गेलास. पासपोर्ट बदललास, अध्यक्ष झालास. आता पक्षवाले चहाला बोलावतात.

निशिकांत : तीन चहा झाले. चौथ्याला उमेदवारी जवळपास नक्की होते. यावेळी बिस्किटंही होती.

सुनेत्रा : लिफ्टमध्ये तुझा फोटो लावलाय. परवा मी त्याला विचारलं, जेवलास का?

निशिकांत : मग?

सुनेत्रा : मागून मिसेस लिम म्हणाल्या, हो. त्या तुझ्याच शेजारी जेवायला होत्या. ज्येष्ठांच्या स्नेहभोजनात.

निशिकांत : चांगला झाला कार्यक्रम. मुद्द्यावर या, मागे अडतीस नंबर आहे.

सुनेत्रा : पुण्याच्या ऑफिसने मला कायमचं बोलावलंय. तीन महिन्यांपूर्वी तुला सांगितलं. तू म्हणालास, 'नोंद घेतो.'

निशिकांत : घेतली होती.

सुनेत्रा : जा म्हण, नको जाऊस म्हण. काहीतरी म्हण रे.

निशिकांत : आतून काही येतच नाही, सुनेत्रा. दर सोमवारी चाळीस जणांचं ऐकतो. मान आपोआप हलते. आत्ताही हलतेय का?

सुनेत्रा : हो.

निशिकांत : बघ. आणि निर्णय आमच्या हातात नसतो. आम्ही फक्त पत्र लिहून देतो.

सुनेत्रा : मग लिही.

निशिकांत : 'अर्जदार बारा वर्षे या परिसरात राहतात. वर्तणूक उत्तम. त्यांच्या प्रकरणाचा सहानुभूतीने विचार व्हावा.' कोणाच्या नावे?

सुनेत्रा : तुझ्या.

निशिकांत : बरं. इथे सही करा.

सुनेत्रा : उत्तर कधी येतं?

निशिकांत : साधारण चौदा दिवस. कामाचे.

सुनेत्रा : माझं विमान शुक्रवारी आहे.

निशिकांत : मग वर 'तातडीचे' असा शिक्का मारतो.