अर्धा मांडा

माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांमधलं. आमच्याकडे सणावाराला वरणबट्टी, अन् बट्टी मले अशी येते की झोपेतून उठवा अन् करायला लावा. हवी असेल तर लिहून घ्या, गव्हात मूठभर मका घालून जाडसर दळायचं, ओवा घालायचा, तेलाचं मोहन, आणि गोवऱ्यांचा आर लालबुंद असताना बट्टी टाकायची नाही, वर राख चढू द्यायची मग टाकायची, नाहीतर वरून काळी अन् आत कच्ची. पण तुम्ही बट्टीसाठी आल्या नाहीत. तुम्हाला कोणीतरी सांगितलं की नरडाण्याच्या अलीकडे एक कमलबाई आहे, खापरावरचे मांडे करावेत तर तिनंच. काय सांगू तुम्हाला ताई, त्या कमलबाईले मांडे येतच नाहीत. अर्धे येतात.

लग्न होऊन इकडे आली तेव्हा इथलं बोलणंच मले समजेना, सगळे 'आहे'च्या जागी शे शे करायचे, अन् चुलीवर हे मातीचं खापर पालथं घातलेलं. मी म्हटलं यावर पाणी कसं तापवता, तर घरातल्या बठ्ठ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. फक्त मोठी जाऊ हसली नाही, लीलाअक्का. ती म्हणे हसू नका व, तिले काय माहीत, अन् मले म्हणे बठ मन्हा जोडे. बसली मी तिच्याजवळ. म्हणून लगेच गोडीगुलाबी झाली असं नका लिहू, आम्ही दोघी भांडायचो, पार गल्लीतल्या लोकांनी भाकरी हातात घेऊन दाराशी यावं असं भांडायचो. पाण्यावरून, पोरांवरून, कोणाची भाजी खारट झाली त्यावरून. अक्काची जीभ तिखट अन् माझी काही गोड नव्हती.

आमची सासू बोलायची कमी. एका अखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय तृतीयेला, आम्ही दोघींनी चुलीपुढेच तोंड वाजवायला सुरुवात केली, तेव्हा तिनं काम वाटून टाकलं. मोठीनं कणीक भिजवायची, धाकटीनं मांडा लावायचा, अन् एकीनं दुसरीच्या कामात हात घालायचा नाही. मांड्याची कणीक म्हणजे तुमची पोळीची नव्हे बरं, पीठ लुगड्याच्या मऊ कापडातून गाळायचं, मिठाच्या पाण्यात भिजवायचं, अन् मग तिंबत राहायचं, हात भरून येईपर्यंत, ती हातावरून ओघळली पाहिजे पण तुटली नाही पाहिजे. एवढं तुम्हाला कोणीही सांगेल. पण किती मीठ, किती पाणी, कुठला गहू, थांबायचं कधी, ते अक्काले माहीत. आमच्या घरात त्या कणकेला नजर लागते म्हणत, म्हणून भिजवताना कोणी पाहायचं नाही, परातीवर ओला कपडा. मी कधी पाहिलं नाही. मी फक्त हात पुढे करायची अन् म्हणायची, अक्का, दे. ती पुरण भरलेला गोळा माझ्या तळव्यावर ठेवायची, मग मी तो या हातावरून त्या हातावर, कोपरापर्यंत फिरवत मोठा करत न्यायची, पलीकडचं दिसेल इतका पातळ, अन् खापरावर टाकायची. तो माझा भाग. त्यात मले कोणी हरवणार नाही, हे मी तोंडावर सांगते.

पुढे सासू गेली अन् भाऊ भाऊ विहिरीच्या मोटरवरून वेगळे झाले. अंगणात भिंत आली. आमचे हे अन् जेठ, नाना म्हणतो आम्ही त्यांना, दोघांचं बोलणं बंद, आजही बंदच म्हणा. आमचंही बंद झालं असतं. पण अखाजी आली की काय करायचं? अखाजीले लेकी माहेरी येतात, घरातले गेलेले जेवायला येतात, त्यांच्या नावानं घागर भरायची, चुलीतल्या निखाऱ्यावर तूप अन् मांड्याचा तुकडा टाकायचा, तेव्हा ते जेवतात. मांड्यावाचून कसं चालेल? तिच्याकडे कणीक, माझ्याकडे हात. मग अक्का त्या बाजूनं कपड्याखाली परात घेऊन यायची, तोंड फुगवलेलं, बसायची, अन् दुपारपर्यंत आम्ही हसत असायचो. म्हातारीनं हे ठरवूनच केलं होतं असं मले आता वाटतं. भिंत उभी राहील हे तिला दिसलं असेल. आमच्यातली एक आधी जाईल एवढंच तिनं धरलं नाही.

एकदा मी अक्काला विचारलं बी, की कणीक कशी गं करतेस, सांग ना. ती म्हणे, मले काय माहीत, हात सांगस ते करस मी. म्हटलं असू दे, कुठे पळून जाते ही.

या थंडीत तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली अन् वाचा गेली. धुळ्याला नेलं, दवाखान्यातून परत आणलं, खाटेवर ठेवलं. मी रोज जायची, ह्यांना आवडायचं नाही, तरी जायची. ती तिखट बाई नुसती माझ्याकडे पाहायची. एक दिवस मी परात नेली, पीठ नेलं, मिठाचं पाणी नेलं, तिच्या उशाशी बसली अन् म्हटलं अक्का, तू मान हलव फक्त, मी करते. पाणी घातलं, तिनं मान हलवली, नाही. अजून घातलं, नाही. मग तिचा डावा हात धरून मी कणकेत ठेवला. तिनं बोटं दाबली, एकदा, दोनदा. तो हात कधी कणकेत गेलाच नव्हता ताई, त्याला काही येत नव्हतं. तिला ते कळलं अन् तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी परात बाजूला ठेवली अन् तिचा हात धुतला. बोटांच्या सांदीतलं पीठ काढायला मले फार वेळ लागला. काढावंसंच वाटत नव्हतं.

होळी झाल्यावर गेली.

अखाजीले तिची पहिली घागर. तिची लेक आशा सुरतहून आली, ती म्हणे काकू, धुळ्याहून बचत गटाचे मांडे मागवू, चांगले असतात. मी म्हटलं नाही. ती आयुष्यभर दुसऱ्यांसाठी कणीक तिंबत राहिली, तिच्या पहिल्या जेवणाला विकतचं आणायचं? नानांच्या अंगणात मी चूल पेटवली, कपाशीच्या काड्या लावल्या, खापर तापलं. कणीक मीच भिजवली होती, पहाटे उठून, कपड्याखाली. अन् मग सवयीनं, काही विचार न करता, मी डाव्या बाजूला हात पुढे केला अन् म्हटलं, अक्का, दे.

आशा आत निघून गेली.

गोळा मीच घेतला. कोपरापर्यंत पण आला नाही, मधेच फाटला. दुसरा फाटला. पुरण खापरावर पडून जळलं, धूर झाला. एक कसाबसा टाकला, भोकं पडलेला, तोच निखाऱ्यावर वाहिला. नाना माझ्याशी कधी बोलत नाहीत, ते त्या दिवशी बोलले. म्हणे, कमल, तू बाळंतपणाले माहेर गयथी ना, तवय तिनी बी करी पाह्यात. तिना बी असाच फाटनात. तुले सांगू नको म्हने.

माझ्यावाचून अक्काचेही फाटले होते, हे ऐकून मी रडली. आधी रडली नव्हती.

आता सूनबाई म्हणते, आई, मले शिकवा, मोबाइलवर घेते. काय शिकवू? हात शिकवायचा तर त्यावर ठेवायला कणीक पाहिजे ना. खापर धुऊन, अक्काच्या लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवलं शे. पुढच्या अखाजीले काढेन, फाटतील तर फाटतील, तिला फाटका मांडा ओळखता येतो.

तुम्ही बट्टीच लिहा ताई. अन् घरी जाऊन तुमच्या आईले विचारा, जे काही विचारायचं राहिलं असेल ते. सुखी राहा. विचारायला माणूस राहो तुम्हाला.