हळू, सुई उडेल!

...आणि वर तो रेकॉर्डवाला मलाच म्हणतो, "काका, एकदम कोरी आहे! भिंग लावून बघा, एक ओरखडा दाखवा, दुकान तुमच्या नावावर करतो!" अरे, कोरी आहे हेच तर माझं दुखणं आहे! पण हे त्याला सांगू कसं? चांगली वस्तू परत घे आणि माझी भंगार वस्तू मला दे, असं म्हणणारं गिऱ्हाईक त्यानं जन्मात बघितलं नसणार. त्यानं आधी मला स्टूल दिलं, मग पाणी दिलं, मग हळूच विचारलं, "घरून कुणी सोबत आलंय का?"

आता मुळापासून सांगतो. मला जॅझचं वेड लागलं त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. धंद्यानं मी चष्म्याची भिंगं घासणारा. दिवसभर दुकानात काचेवरचे ओरखडे घालवायचे आणि घरी येऊन रेकॉर्डवरचे ओरखडे शोधत हळहळत बसायचं! आमच्या हिनं एकदा ओल्या फडक्यानं रेकॉर्ड पुसली, तर मी दोन दिवस जेवलो नाही. ही म्हणाली, "बरं झालं, तेवढाच स्वयंपाक वाचला." माझे सासरे एकदा अर्धा तास ऐकत बसले आणि म्हणाले, "जावईबापू, यांची वाद्यं लावून झाली की गाणं सुरू कधी होणार?" मी म्हटलं, "संपत आलं." त्यानंतर ते आमच्याकडे आले की आधी बाहेरूनच कानोसा घ्यायचे.

पण खरी अडचण जॅझची नव्हती हो, जमिनीची होती! आमची जागा तिसऱ्या मजल्यावर, खाली लाकडाच्या फळ्या. या कोपऱ्यात कुणी शिंकलं की त्या कोपऱ्यात कपबशा वाजायच्या. मग प्लेयरवरची सुई काय ठिकाणावर राहणार? म्हणून घरात एकच कायदा... "हळू, सुई उडेल!" ही पाण्याची बादली उचलतेय, "हळू, सुई उडेल!" पाहुणे उठतायत, "बसा बसा, सुई उडेल!" एकदा डॉक्टर आले हिला तपासायला, तर त्यांना मी बूट काढून भिंतीच्या कडेकडेनं यायला लावलं. हिला होता ताप, आणि डॉक्टर नाडी बघत होते माझी!

आणि अशा घरात कन्या कशी जन्माला यावी? दणदण चालणारी! तिचं घरातलं नावच दणकी. ती जिन्यात आली की मी इकडे सुई उचलून धरायचो, ती बसली की खाली ठेवायचो. काय वाटत असेल त्या पोरीला... हे आज म्हणतोय मी. तेव्हा कुठं सुचत होतं?

तर माझी पहिली रेकॉर्ड. सॅक्सोफोनची. त्यात एक जागा आहे, अहाहा, तो वाजवणारा जिना चढावा तसा एकेक सूर वर जातो, वर जातो, आणि अगदी शेवटच्या पायरीवर... नेमकी तिथं पोहोचली होती सुई, आणि दार उघडून ही नऊ वर्षांची दणकी आत आली, "बाबा, बघा!" म्हणाली आणि उंबऱ्यावरून मारली की हो उडी! धाड्! खर्रर्र! सुई गेली आडवी.

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं, पाच मिनिटांत संपलं असतं. मी खिशातनं भिंग काढलं, रेकॉर्ड उजेडात धरली, आणि तिला म्हटलं, "ये, बघ. हे तू केलंस." एवढंच. ती भिंगातनं बघत उभी राहिली. नाक पुसलं आणि गेली, चवड्यांवर. काय बघा म्हणत होती, ते मी विचारलंच नाही!

तेव्हापासून त्या जागेवर टक्! सूर वर वर जातो, टक्, आणि एकदम खाली पुढच्या ओळीत. तो शेवटचा सूर आमच्या घरात तीस वर्षं कुणी ऐकला नाही. ही पोळ्या लाटताना तीच धून गुणगुणायची, त्या टक् सकट! आणि दणकी? ती चवड्यांवर चालायची ती कायमचीच. परवा जावई म्हणाले, "बाबा, ही आवाज न करता मागे येऊन उभी राहते हो! दोनदा चहा सांडला माझा!" मी हसलो. काय करणार?

आता गेल्या महिन्यात मला अवदसा आठवली. नवा प्लेयर घेतला. रेकॉर्डवाला म्हणाला, "काका, खाली रबराचे पाय आहेत, घरात हत्ती नाचवा, सुई हलणार नाही!" आणि म्हणाला, तीच सॅक्सोफोनची रेकॉर्ड आलीय, कोरी. जुनी द्या, ही घ्या. मी दिली! तीस वर्षांनी तो शेवटचा सूर ऐकला. बरा होता. म्हणजे... बरा होता, बस.

रविवारी दणकी आली. "बाबा, आम्हीही प्लेयर घेतलाय, माझी रेकॉर्ड द्या ना." माझी म्हणाली! मी मोठ्या ऐटीत कोरी लावली. ती डोळे मिटून गुणगुणत होती, त्या जागेवर आली, तोंडानं टक् केलं, आणि रेकॉर्ड मात्र सरळ पुढे गेली. तिनं डोळे उघडले. "बाबा, माझी उडी कुठंय?"

मी स्वयंपाकघरात पळालो. ही म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही? त्या दिवशी शाळेत उंच उडीत पहिली आली होती ती. तुम्हाला करून दाखवत होती." तीस वर्षं का नाही सांगितलंस गं? तर म्हणाली, "तुम्ही ऐकत होतात ना. मध्ये बोललेलं तुम्हाला कुठं चालतं?"

म्हणून दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी दारात उभा मी! तर रेकॉर्डवाला म्हणतो, "काका, तसल्या खराब रेकॉर्डची आम्ही भिंतीवरची घड्याळं करतो. तुमची कालच गेली." कुणी नेली, त्याला ठाऊक नाही. म्हणजे ती आता कुणाच्या तरी भिंतीवर दिवसभर टक् टक् करत असणार, आणि आमच्याकडे एक टक् नाही!

तुम्ही म्हणाल, खिळा घ्या, कोरीवर मारा ओरखडा. अहो, जन्मभर ओरखडे घालवलेत मी, हात उचलत नाही! आणि खिळ्याचा ओरखडा म्हणजे उडी नव्हे. दणकीला फोन केला, म्हटलं, ये आणि मार पुन्हा एक उडी, तुझ्या बापानं कायदा रद्द केलाय. हसली. मग म्हणाली, "नको बाबा, आता सवय मोडली उडी मारायची."

मग राहिलं कोण? मी! वय वर्षं एकाहत्तर, कंबरेला पट्टा. कोरी रेकॉर्ड लावली, सूर वर चढायला लागला, शेवटच्या पायरीवर आला, आणि उंबऱ्यावरून मारली उडी. धाड्! कपबशा वाजल्या. पुन्हा लावली, पुन्हा मारली. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या, "अहो काका, आमचा दिवा हलतोय!" ही दारातनं शांतपणे म्हणाली, "काही नाही हो, यांची उंच उडी चाललीय." बारा उड्या झाल्या काल. आजच्या सात.

हत्ती नाचून दमला हो... पण सुई काही उडत नाही!