बसायला येते

मास्तर, तुम्ही वर्गात कधी चुकलात का, असं कोणी विचारलं ना, तर मी घनसावंगीच्या शाळेतला तो तास सांगतो. दहावीला इंग्रजी शिकवून राह्यलो होतो. फळ्यावर लिहिलं, ‘आय कम हिअर टू...’ अन् म्हटलं, “हा ‘टू’चा तुकडा येण्याला जोडला की कशासाठी आलो ते कळतं. पाण्याला जोडला की कसलं पाणी ते कळतं, प्यायचं पाणी. आता आपापलं वाक्य पूर्ण करा.”

सगळ्यांनी ‘टू लर्न’ लिहिलं. शेवटच्या बाकावरच्या रेणुकानं मात्र लिहिलं, ‘टू सिट’.

माझं डोकंच सटकलं. “शाळेत बसायला येती का तू? उभी राह!”

ती उभी राहिली. हळूच म्हणाली, “खरंच बसायला येते, सर. आई मेंढरामागं जाती. पहाटेपासून पाणी, भाकरी, भांडी, सगळं माझ्याकडं. एष्टीत बी उभीच येते. इथं बाकावर आल्यावरच टेकायला भेटतं.”

वाक्य बिलकुल बराबर होतं. अन् मी तिला शिक्षा कोणती दिल्ती, तर उभं राहायची! खडू खाली ठेवला. म्हटलं, “बस बाई. आधी बस.”