सातव्या आठवड्याची नोटीस

(कॉलेजमधली शिक्षकांची खोली, दुपारची वेळ. कायद्याचं इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडम आणि त्यांची तीन वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, आता वकील.)

मॅडम: अगं, पण तुझ्या त्या जोडीदारणीने स्वतः लिहून दिलं होतं ना! ‘करारनाम्यातलं एकही कलम मी लिहिलेलं नाही, आरोप मान्य आहे.’ खाली सही. आणखी काय हवं होतं मला?

वकील: मॅडम, तो गृहपाठ होता.

मॅडम: कसला गृहपाठ?

वकील: आठवा ना. आम्ही इथले, तिकडची मुलं दूरच्या कॉलेजातली, जोड्या लावून ऑनलाइन वर्ग. दर आठवड्याला एकमेकांना इंग्रजीत खोट्या नोटिसा पाठवायच्या. माझ्या जोडीदारणीला तर तुम्ही पाहुणीच म्हणायचात. मी तिच्यावर सायकल पळवल्याचा आरोप केला होता...

मॅडम: आणि तिने फक्त घंटी परत द्यायची तयारी दाखवली होती! हसता हसता पुरेवाट झाली होती माझी.

वकील: सातव्या आठवड्याचा धडा होता, आरोप मान्य करणारं उत्तर कसं लिहायचं. नेमकी त्याच आठवड्यात तुमची खरी नोटीस तिला गेली, की आम्ही दोघींनी मिळून लिहायच्या करारनाम्यात तिचं एकही कलम नाही. तोच साचा, तीच भाषा, तीच सात दिवसांची मुदत.

मॅडम: अरे देवा! तिला तो धडा वाटला?

वकील: तिने मला विचारलं, ‘हे या आठवड्याचंच ना?’ मी हो म्हटलं.

मॅडम: तुलाही तसंच वाटलं असणार.

वकील: नाही. मला कळलं होतं.

मॅडम: काय म्हणालीस?

वकील: तिच्याकडचं नेट सारखं जायचं. ती फोनवर कलमं सांगायची, मी टाइप करायचे. फाइलमध्ये प्रत्येक ओळीपुढे नाव मात्र माझंच उमटायचं. तुम्ही भर वर्गात माझं कौतुक केलंत आणि मी गप्प बसले. तिने खरं उत्तर दिलं असतं, तर माझं बिंग फुटलं असतं.

मॅडम: आणि मी तिला नापास केलं. त्या गुणांवर तिची पुढच्या शिक्षणाची जागा अडली होती, हे माहीत होतं तुला?

वकील: होतं. आता कपड्यांच्या दुकानात काम करते ती. कायदा सोडला.

मॅडम: तुला तरी काय बोलू? दर मंगळवारी पडद्यावर समोर बसायची ती. ‘काय गं, असं का लिहिलंस,’ एवढं विचारलं असतं तर माझी जीभ झिजली असती का? कागदावर सही दिसली आणि मी मोकळी झाले. लाज वाटते मला.

वकील: आता काही करता येईल?

मॅडम: गुण बदलून घेता येतील. चूक माझी होती, असं आजच लिहून देते. पण तुझा जबाब लागेल. त्या गुणांवर आलेला तुझा पहिला नंबर जाईल.

वकील: जाऊ दे.

मॅडम: तिची तीन वर्षं मात्र कोण परत देणार? तिला बोललीस का हे?

वकील: काल फोन केला होता. आवाज लगेच ओळखला तिने.

मॅडम: चिडली?

वकील: चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, ‘तुलाही तो धडाच वाटला होता ना? उगाच मनाला लावून घेशील, म्हणून मी तुला कधी काही कळवलं नाही.’

मॅडम: मग? तू काय म्हणालीस?

वकील: तिकडे थंडी पडली का, असं विचारलं. आणि फोन ठेवला.