पुंगळ्या

कदमचं नाव काढू नका, माझ्या अजून पोटात दुखतं. मस्कतला रुवीत आम्ही एकाच ऑफिसात होतो. आमच्या ओमानी अर्बाबला, म्हणजे मालकाला, नेमबाजीचा नाद. हवी ती काडतुसं मस्कतात मिळायची नाहीत, म्हणून रिकाम्या पुंगळ्या तो घरीच पुन्हा भरायचा. कदमने गावाकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक भरली होती. तेवढ्यावर अर्बाब त्याला शेजारी बसवून सल्ला विचारणार!

मी न राहवून म्हणालो, "अर्बाब, कॉलेजात मी रायफल चॅम्पियन होतो. नजर घारीची आहे माझी."

"तुम्हारा नजर अच्छा? यल्ला, शुक्रवार को चलो!"

शुक्रवारी भर उन्हात मी वाळूतून त्याच्या पुंगळ्या वेचत होतो. कदम अर्बाबशेजारी खुर्चीत चहा पीत होता. तिथूनच ओरडला, "सावंत, तुझ्या पायाशी एक राहिली बघ!"