बंद संस्थेचं नाव

(घरामागची छोटी खोली, दोन संगणक. वहिनी आणि दीर मिळून मुदत संपलेल्या वेबसाइटींची नावं विकत घेतात आणि त्यांवर गाद्या विकतात. आज वहिनींचा चेहरा पांढराफटक पडलाय.)

वहिनी: भावोजी, चहा राहू द्या. आधी हे मेल वाचा.

दीर: गाद्यांची तक्रार का?

वहिनी: गाद्या गेल्या खड्ड्यात! मागच्या महिन्यात मुदत संपलेलं वेबसाइटचं नाव घेतलंत, ते कुणाचं होतं?

दीर: इथल्याच एका संस्थेचं. नवऱ्याच्या जाचाला कंटाळलेल्या बायकांना आसरा द्यायची. संस्था बंद पडली, नावाची मुदत कुणी वाढवली नाही, मी उचललं. दवाखाने, वर्तमानपत्रं, सगळ्यांच्या पानांवर त्याची लिंक आहे. त्या पुण्याईवर आपल्या गाद्या इंटरनेटच्या शोधात वर येतात.

वहिनी: आयत्या बिळावर नागोबा! आता त्याच बिळात, संस्थेच्या जुन्या मेल-पत्त्यावर, कुणीतरी हाक मारतंय. वाचा.

दीर: "ताई, आज चारला लेकीला घेऊन निघते. मागच्यासारखी जुन्या टपाल कचेरीसमोर गाडी पाठवा. फोन नको, आलेले कॉल हे तपासतात. उत्तर आलं तरच निघेन." ...बापरे. पण उत्तर कुठे दिलंय आपण?

वहिनी: गेलंय. तुम्ही आपोआप जाणारं लावलंय ना? "मागणी मिळाली. आमची गाडी वेळेवर पोचेल."

दीर: अहो, ते गादीच्या गिऱ्हाइकांसाठी होतं!

वहिनी: तिला काय ठाऊक?

दीर: "येऊ नका" म्हणून लगेच कळवू.

वहिनी: लिहिलं होतं. पाठवताना हात थांबला. आत्ता फोन नवऱ्याच्या हातात असला आणि मेल त्यानंच वाचलं तर?

दीर: संस्थेची माणसं?

वहिनी: फोन लागत नाही. जिथे चौकशी केली, तिथे आपल्याच वेबसाइटचा पत्ता देतात, गाद्यांचा.

दीर: मग पोलीस!

वहिनी: कळवलं. बघतो म्हणाले. साडेतीन होऊन गेलेत, भावोजी.

दीर: तिचा नवरा मागोमाग आला तर?

वहिनी: मी काय वाघीण आहे? पण गाडी आपण कबूल केलीय. तुम्ही चालवा. उतरू मात्र नका, पुरुष दिसला तर बिचकेल ती.

दीर: आपण कोण म्हणून सांगणार?

वहिनी: खरं सांगितलं तर बसणारच नाही.

दीर: मग संस्थेतून आलोय म्हणा.

वहिनी: म्हणेन. आणि गाडीत बसल्यावर तिच्या लेकीनं विचारलं, आपण कुठे चाललोय, तर?